पेला आणि ताट : इटलींतील जुन्या तांबड्या वाइनची खरी परीक्षा

शेतकऱ्यांच्या मासिकांत परदेशांतील मद्याची चर्चा कशाला, असा प्रश्न कित्येक वाचक आम्हांस विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. प्रथमच सांगून टाकतों कीं, मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांनीं तें वर्ज्यच मानावें. परंतु वाइन म्हणजे शेवटीं द्राक्ष, आणि द्राक्ष म्हणजे शेतकऱ्याचे श्रम. एका डोंगराळ मुलखांतील लहान शेतकऱ्यांनीं आपल्या पिकाचा मूळ स्वभाव राखावा कीं सोडावा या प्रश्नावर एक पिढीभर वाद घातला. त्या वादांत बाप-लेकांचीं मनें दुभंगलीं. ती हकीकत आमच्या बागाईतदारांनीं ऐकण्याजोगी आहे. आमचें मत थोडक्यांत असें कीं, इटलींतील जुन्या तांबड्या वाइनची परीक्षा नुसत्या पेल्यावर करूं नये. ती ताटावर करावी. ज्यांनीं ती नुसत्या पेल्यावर केली त्यांनीं वाइनवर अन्याय केला, आणि ती पिकविणाऱ्यावर तर त्याहूनही मोठा.

इटलीच्या वायव्येस पिडमाँट नांवाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागांत आल्बा शहराभोवतीं लांगे नांवाच्या टेंकड्या पसरल्या आहेत. येथील बारोलो व त्याच्या शेजारचीं मिळून अकरा गांवें. त्यांच्या शिवारांत नेब्बिओलो जातीच्या द्राक्षापासून जी तांबडी वाइन होते तिला बारोलो म्हणतात. जवळच्या बार्बारेस्कोची वाइनही याच द्राक्षाची. ज्या कावूरचें नांव मॅझिनी व गॅरिबाल्डी यांच्या जोडीनें आमच्या वाचकांच्या कानांवरून गेलेलें आहे, तो एकीकृत इटलीचा पहिला पंतप्रधान तरुणपणीं याच टेंकड्यांतील ग्रिन्झाने गांवाचा नगराध्यक्ष होता, व तेथील आपल्या घराण्याच्या द्राक्षमळ्यांकडे लक्ष देत असे. २०१४ सालीं युनेस्कोनें लांगे, रोएरो व मोंफेर्रातो येथील द्राक्षमळ्यांचा हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला.

नेब्बिओलो हें द्राक्ष मोठें हट्टी आहे. त्याचे डोळे वसंतांत लवकर फुटतात आणि फळ मात्र बहुतेकांच्या मागून, ऑक्टोबरांत, पिकतें. म्हणजे आरंभीं हिंवाचें भय आणि शेवटीं पावसाचें. म्हणून उतारावरील उत्तम ऊन लागणारी जमीन त्यालाच द्यावी लागते. त्याची साल पातळ, वाइनचा रंग फिका. परंतु आंबटपणा व तुरटपणा हीं दोन्ही अंगें जबर. हिरडा किंवा कच्ची सुपारी चावल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशी नवी बारोलो पितांना ओढली जाते.

असल्या वाइनला वय लागतें, आणि तें कायद्यानेंच ठरवून दिलें आहे. बारोलोचें नांव १९६६ मध्यें नियमबद्ध झालें व १९८० मध्यें इटलीच्या सर्वांत वरच्या वर्गांत गेलें. ती वाइन काढणीच्या सालच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरवावी लागते व त्यांपैकीं १८ महिने लांकडी पिंपांत. ‘रिझेर्वा’ म्हणावयाची असेल तर एकंदर ६२ महिने. टस्कनींतील मोंताल्चीनोची ब्रुनेल्लो ही केवळ सांजोवेझे द्राक्षाची. ती काढणीनंतरच्या पांचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीं बाजारांत आणतां येत नाहीं. वाचकांनीं याचा अर्थ शेतकऱ्याच्या दृष्टीनें लावावा. आज तोडलेल्या घडाचा पैसा चार-पांच वर्षांनीं हातीं येणार. तोंवर मजुरी, छाटणी, फवारणी व कर्जाचें व्याज हीं चालूच.

एवढी वाट पाहून बाटलींत होतें तरी काय? वाइनमधील तुरट द्रव्यें व रंगद्रव्यें हळूहळू एकमेकांशीं जुळतात. त्यांतील कांहीं जड होऊन गाळाच्या रूपानें तळाशीं बसतात. तुरटपणाची धार बोथट होते, तांबडा रंग विटकरी होत जातो, ताज्या फळाचा वास मागें पडून वाळलेल्या गुलाबाचा, डांबराचा, पाचोळ्याचा, भूछत्राचा व तंबाखूच्या पानाचा असे निराळेच वास पुढें येतात. ब्रुनेल्लोस आजचें रूप देणाऱ्या बियोंदी-सांती घराण्याच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बाटल्या शंभर वर्षें उलटल्यावरही जाणकारांनीं आवडीनें चाखल्या आहेत.

परंतु येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुनें तें सोनें ही म्हण वाइनला सरसकट लागू नाहीं. जगांत होणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांतच प्यावी अशी असते. ठेवली तर ती शिळी होते. कैरीचें लोणचें मुरतें, कोशिंबीर मुरत नाहीं. ज्यांत आंबटपणा, तुरटपणा व फळाचा कस हीं तिन्ही भरपूर, त्यालाच काळ मानवतो; आणि तेंही थंड, अंधाऱ्या, न हलणाऱ्या तळघरांत, बूच ओलें राहील अशा बेतानें आडवें ठेवलें तर. बारा ते चौदा अंश उष्णतामान त्यास पसंत. आमच्याकडील घराच्या फडताळांत ठेवलेली किमती बाटली चैत्र-वैशाखाच्या उन्हानें बिघडते, आणि मग तिच्या जुनेपणाचें कौतुक व्यर्थ होय.

चाखण्याची रीतही थोडक्यांत सांगतों. जुनी बाटली एक-दोन दिवस आधीं उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. नंतर बूच अलगद काढून, मानेखालीं दिवा धरून, वाइन दुसऱ्या भांड्यांत संथपणें ओतावी व गाळ मानेशीं येतांच थांबावें. दहा वर्षांच्या आंतील जोमदार बारोलोस चार घटका वारा लागला तर बरें. तीस वर्षांच्या वृद्ध वाइनला मात्र वारा सोसत नाहीं, ती ओततांच प्यावी. सोळा ते अठरा अंश उष्णतामान पुरें. आमच्याकडच्या उन्हाळ्यांतील खोलीचें उष्णतामान फार होतें. प्रथम रंग पाहावा, मग वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच दूषित होतें असें समजावें; सिरक्याचा आला तर वाइन आंबून गेली. मग लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा. येथवरचा विधि सर्व जाणकार सांगतात. आमचें म्हणणें, येथें थांबूं नये; कारण खरी परीक्षा यापुढें सुरू होते.

आमचाच अनुभव सांगतों. आम्हीं बारोलो प्रथम चाखली ती रिकाम्या पोटीं. जीभ कोरडी पडली, आणि या आंबट-तुरट पाण्यासाठीं लोक एवढा पैसा कां मोजतात याचें नवल वाटलें. अर्ध्या तासानें त्याच बाटलींतील दुसरा पेला जुन्या, कठीण चीजच्या तुकड्याबरोबर घेतला. वाइन तीच, जीभ तीच. परंतु तुरटपणा जणूं कोणीं पुसून टाकला होता. मघां जो आंबटपणा बोचत होता तो चीजचा तुपकटपणा धुऊन पुढच्या घांसास जागा करीत होता. त्या दिवशीं आमची खात्री झाली कीं, पहिला पेला वाइनची परीक्षा नव्हती, आमच्या उतावीळपणाची होती.

यांत जादू नाहीं. तुरट द्रव्यांस प्रथिनांशीं बिलगण्याची खोड आहे. तोंडांत दुसरें कांहीं नसेल तर तीं लाळेंतील प्रथिनांसच धरतात, लाळेचा मऊपणा जातो आणि जीभ ओढली जाते. तोंडांत मांस, चीज किंवा लोणी असेल तर त्यांचा जोर तिकडे खर्च होतो. लांगेच्या शेतकऱ्यास हें रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु त्याच्या घरचें सणाचें जेवण त्याच हिशेबानें बेतलेलें असे. गोमांस बारोलोमध्येंच तासन् तास मंद आंचेवर शिजविणें हा त्या प्रांताचा प्रसिद्ध पदार्थ. आमच्या बहुतेक वाचकांस तो वर्ज्य आहे. तथापि तेथें काय चालतें तें जसेंच्या तसें सांगणें आमचें काम. अंड्याच्या पिवळ्या बलकांत मळलेल्या, सुतासारख्या बारीक शेवया लोण्यांत घोळून त्यांवर आल्ब्याच्या पांढऱ्या ट्रफलचे पातळ काप घालतात. ट्रफल म्हणजे झाडाच्या मुळांशीं जमिनीखालीं वाढणारें एक प्रकारचें भूछत्र. डोंगरांतील कास्तेलमान्यो नांवाचें चीजही जोडीला असतें. टस्कनींत ब्रुनेल्लोबरोबर रानडुकराचें मांस किंवा मेंढीच्या दुधाचें जुनें चीज घेतात. आणि रोजच्या जेवणाला? रोज बारोलो तेथील शेतकरीही पीत नाहीं. लसूण, खारविलेली मासळी व तेल यांच्या कढत कालवणाबरोबर तो बार्बेरा किंवा दोल्चेत्तो यांसारखी साधी, तरुण वाइन घेतो.

या सर्वांतून आम्ही एक ढोबळ नियम काढतों. वाइन तरुण व जोमदार असेल तर ताट जड असावें. वाइनचें वय जसजसें वाढेल तसतसें ताट साधें करावें. दहा वर्षांच्या बारोलोस मांसाचा दाट रस्सा शोभतो. तीस वर्षांच्या बारोलोस लोण्यांतील शेवया, भूछत्रें किंवा सौम्य जुनें चीज पुरे, नाहीं तर पदार्थ बोलत राहतो आणि म्हाताऱ्याचें कोणी ऐकत नाहीं. फार तिखट, फार गोड किंवा सिरक्यांतील पदार्थ मात्र टाळावे. मिरचीनें भाजलेल्या जिभेस तुरटपणा दुप्पट बोचतो. आमचा कोल्हापुरी तांबडा रस्सा स्वतः कितीही थोर असला, तरी जुन्या बारोलोशीं त्याचें लग्न लावूं नये. दोन्ही घराणीं बिघडतील.

आतां त्या वादाकडे वळूं. आज लांगेच्या टेंकड्यांवर श्रीमंती नांदते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुलूख दरिद्री होता. बेप्पे फेनोलिओ यांच्या १९५४ सालच्या ‘ला मालोरा’ या कादंबरींत येथील शेतकऱ्यांच्या हलाखीचें चित्र आहे. तरुण पिढी तुरीनच्या मोटारींच्या कारखान्यांत किंवा आल्ब्याच्या मिठाईच्या कारखान्यांत निघून जाई. जे मागें राहिले त्यांपैकीं पुष्कळजण आपलीं द्राक्षें व्यापाऱ्यांस विकीत, आणि भाव अर्थातच व्यापारी ठरवी. आमच्या वाचकांस हें चित्र परकें वाटणार नाहीं.

अशा एका घरांतील एलिओ आल्तारे नांवाचा तरुण १९७६ सालीं फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांत गेला. तेथील द्राक्षशेतकरी संपन्न, आपली वाइन आपणच बाटलींत भरून स्वतःच्या नांवानें विकणारे. तो घरीं परतला तो निराळ्या मनानें. वेलीवरील कांहीं घड कच्चे असतांनाच तोडून टाकावे, म्हणजे उरलेल्यांत कस भरतो, असें तो म्हणूं लागला. दारिद्र्यांत वाढलेल्या वडीलधाऱ्यांस हें देवानें दिलेलें अन्न मातींत फेंकण्यासारखें वाटलें. पुढें १९८३ सालीं त्यानें बापाच्या तळघरांतील जुनीं मोठीं पिंपें यांत्रिक करवतीनें कापून टाकलीं आणि फ्रेंच ओकचीं लहान नवीं पिंपें आणण्याचा मार्ग धरला. बापानें मुलास वारशांतून वगळलें. दोघांचा समेट झाला नाहीं.

या तरुणांच्या सुधारणा दोन प्रकारच्या होत्या, आणि त्यांतील भेद न पाहतां केलेली स्तुति किंवा निंदा आम्हांस मान्य नाहीं. तळघर स्वच्छ ठेवणें, घडांची विरळणी करणें, व्यापाऱ्याच्या दारीं उभें न राहतां स्वतःच्या नांवानें माल विकणें, ह्या पहिल्या प्रकारच्या. यांत तरुणांचेंच बरोबर होतें. विरळणीचें महत्त्व नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांस आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. बापाची पिढी येथें चुकली, असें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं.

दुसऱ्या प्रकारची सुधारणा निराळी होती. जुन्या पद्धतींत द्राक्षाच्या साली रसांत महिना-महिना भिजत ठेवीत व वाइन हजारों लिटरच्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षें मुरवीत. नव्या पद्धतींत फिरत्या यंत्रांत थोड्याच दिवसांत रंग काढून घ्यावयाचा आणि वाइन सुमारें सव्वादोनशें लिटरच्या नव्या पिंपांत घालावयाची. तिचा रंग गडद होई, तोंडाला ती मऊ लागे, आणि लांकडाचा व्हॅनिलासारखा गोडसर वास तिला येई. अमेरिकेंतील खरीददार व शंभरांपैकीं गुण देणारे समीक्षक हिच्यावर खूष झाले, आणि भाव चढले.

समीक्षकांस हीच वाइन कां आवडली, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. समीक्षक एका बैठकींत डझनावारी पेले चाखतो, घोट थुंकून टाकतो. समोर ताट नसतें. अशा वेळीं जी पहिल्या घोटासच गोड बोलते ती पुढें जाते, आणि जिला जेवणाची सोबत लागते ती मागें पडते. कटाची आमटी नुसती वाटींत पिऊन पुरणपोळीच्या जेवणास गुण द्यावे, तसा हा प्रकार. आमटीचा तिखट-आंबटपणा हा दोष नव्हे. समोर पोळी व तूप नाहीं, हा परीक्षेचा दोष आहे. परंतु गुण कमी पडले कीं शिक्षा आमटीस होते, आणि पुढच्या वर्षीं आचारी तींत गूळ वाढवितो. लांगेमध्यें नेमकें हेंच झालें. परीक्षा चुकीची होती; ती बदलण्याऐवजीं कित्येकांनीं पीक बदललें.

तरी सर्वांनीं मान तुकविली नाहीं. बार्तोलो मास्कारेल्लो नांवाच्या वृद्ध उत्पादकानें आपल्या हातानें रंगविलेल्या चिठ्ठ्या बाटल्यांवर लावून लहान पिंपांचा निषेध केला, आणि २००५ सालीं तो निवर्तला तोंवर आपली जुनी रीत सोडली नाहीं. पुढें काळानेंच बाजू फिरविली. नव्या लांकडाचा वास वाइनवर बसला कीं एका मळ्याची वाइन दुसऱ्या मळ्याच्या वाइनपासून ओळखणें कठीण होतें, हें लोकांच्या ध्यानीं आलें. नव्या मताच्या कित्येक उत्पादकांनींही पुन्हां मोठीं पिंपें आणलीं. मात्र स्वच्छता व विरळणी त्यांनीं सोडली नाहीं, आणि जुन्या मताच्या घरांनींही त्या गोष्टी उचलल्या. बाप व लेक दोघेही अर्धे-अर्धे बरोबर होते. दुर्दैव एवढेंच कीं, हें कळण्यास जो अवधि लागला तेवढा बापास लाभला नाहीं.

असाच प्रसंग मोंताल्चीनोवर आला. २००८ सालीं ब्रुनेल्लोमध्यें सांजोवेझेखेरीज दुसरीं द्राक्षें मिसळल्याच्या संशयावरून सरकारी चौकशी झाली व गांवाची अब्रू पणास लागली. परदेशी जिभेस रुचावी म्हणून वाइन गडद व मऊ करण्याचा मोह हेंच या संशयाचें मूळ होतें. त्यानंतर, तेथील धाकट्या वाइनमध्यें, म्हणजे रोस्सोमध्यें, तरी इतर द्राक्षें चालूं द्यावीं, असा प्रस्ताव २०११ मध्यें उत्पादकांच्या संघापुढें आला. सभासदांनीं तो मोठ्या बहुमतानें फेटाळला. मिश्रणानें खप वाढेल हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. परंतु गांवाच्या नांवाची हमी एकदां सैल केली तर ती पुन्हां आवळतां येत नाहीं, हेंही त्यांस कळत होतें. संघशक्तीचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस क्वचितच आढळलें आहे.

या हकीकतीचा आमच्याशीं संबंध दूरचा नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण आंखल्यानंतर नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली, आणि सोलापूर जिल्ह्यांतील अकलूजच्या आसपास तर टस्कनीचें सांजोवेझेही लागलें आहे. परंतु आमच्याकडील हवा निराळी. ऑक्टोबरांत छाटणी करून उन्हाळ्याच्या तोंडाशीं फळ काढणाऱ्या मुलखानें बारोलोची नक्कल करूं म्हटल्यास फजिती ठरलेली. नक्कल करावयाचीच असेल तर लांगेच्या बाटलीची करूं नये, तेथील प्रश्नाची करावी. तो प्रश्न असा : आमचें पीक कोणत्या ताटासाठीं आहे? ज्याच्या घरीं जेवणांत मिरची व चिंच आहे त्यानें जड, तुरट, जुनी वाइन करून कोणास वाढावी?

आणि हा प्रश्न केवळ वाइनचा नाहीं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यास गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलींत रसायन टाकणारा गुऱ्हाळवाला तीच चूक करीत आहे. गूळ डोळ्यांनीं खात नाहींत. गिऱ्हाइकाचें ऐकावें हें खरें. पण तें कोठें बसून बोलत आहे तें पाहावें. जेवतांना बोलत असेल तर त्याचें ऐकावें. नुसता नमुना उचलून, जिभेच्या टोंकास लावून, मान हलवीत असेल, तर त्याला आधीं पाटावर बसवावें आणि ताट वाढावें.

हें करण्यास धीर लागतो, आणि कर्जाच्या ओझ्याखालीं एकट्या शेतकऱ्यास धीर परवडत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणूनच मोंताल्चीनोचें मतदान आम्हांस बारोलोच्या चवीहूनही मोलाचें वाटतें. एकट्यानें वाट पाहणें हा जुगार आहे. गांवानें मिळून, नियम बांधून, वाट पाहणें ही शेती आहे. आमच्या सभासदांनीं पुढील हंगामापूर्वीं आपल्या मालाविषयीं एवढा एक विचार करावा, इतकेंच आमचें मागणें. असो.